हारुबाईचं बाक

ज्या स्टेशनावर माणूसच नाही त्याला स्टेशन तरी कशाला म्हणायचं, हा गुणवंत कोळेकरचा पहिला सवाल होता. ओकुमुरा साहेबानं तो शांतपणे ऐकून घेतला, हेल्मेट काढलं, आतला घाम रुमालानं टिपला आणि पुन्हा तेच सांगितलं.

“ट्रेन कम. पीपल कम. स्टेशन मॅन, नो.”

“फिर टिकट कौन देता?”

“ड्रायव्हर टेक मनी. ऑर, बॉक्स.”

“बॉक्स में कोई नहीं डाला तो?”

ओकुमुरा त्याच्याकडे बघत राहिला. हिंदी त्याला कळत होती. मुसफ्फाच्या सनायात, म्हणजे अबू धाबीबाहेरच्या त्या कारखान्यांच्या वस्तीत चार वर्षं काढली की भिंतींनाही हिंदी कळायला लागते. पण डब्यात पैसे टाकायचे ठरलेले असताना माणूस ते का टाकणार नाही, हेच त्याच्या डोक्यात शिरेना. गुणवंतनं तो नाद सोडून दिला.

दोन हजार दोन सालचा मे महिना होता. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी नऊलाच अंगाची लाही व्हायची. दुपारी काम बंद ठेवायचा नियम तेव्हा नव्हता, त्यामुळे वेल्डर लोक डांगरीच्या आत ओला टॉवेल गुंडाळून घेत आणि तो वाळला की पुन्हा भिजवून आणत. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या एका प्रकल्पासाठी जाडजूड पाइप जोडून द्यायचे होते. गुणवंत तिथला फोरमन. ओकुमुरा हा प्रकल्पवाल्यांनी नेमलेला जपानी तपासनीस. प्रत्येक जोड तो बॅटरी लावून बघायचा, बोटानं चाचपायचा, आणि पसंत नसला तर काही न बोलता त्यावर खडूनं गोल काढायचा. त्या गोलाची शेडमध्ये फार दहशत होती. मोहिद्दीन हा कासरगोडचा म्हातारा वेल्डर म्हणायचा, बायको ओरडलेली परवडली, पण याचा खडू नको.

त्या खडूवरच गुणवंतची रजा अडकली होती. गेल्या वर्षीची हक्काची रजा काम निघालं म्हणून बुडाली. या वर्षी कंपनीचे प्रोजेक्ट इंजिनीअर सतीश प्रधान यांनी शब्द दिला होता, की पाइपांच्या शेवटच्या लॉटवर ओकुमुराची सही झाली की दुसऱ्या दिवशी विमानात बस. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सही होईल असा हिशेब होता. तिकडे जत तालुक्यात त्याची आई एका डोळ्यानं तो हिशेब मोजत बसली होती. दुसऱ्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकला होता, पण बाई ऑपरेशनला तयार नव्हती. दर शुक्रवारी गुणवंत बकाल्यासमोरच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोरच्या फोनवर कार्ड घालायचा. तिकडे गावातल्या वाण्याच्या फोनपाशी ती येऊन बसलेली असायची, आणि दर शुक्रवारी तेच संभाषण व्हायचं.

“आई, तुझी लेक कुंदा मिरजेतच राहते ना? तिच्याबरोबर जा आणि डोळा करून ये. माझी वाट कशाला बघत बसतेस?”

“पट्टी सोडली की पयला तू दिसाय पायजेस. डाक्टरचं तोंड बघाय डोळा करू व्हय मी?”

“अगं, पण तोवर कुठं पडलीस-झडलीस तर?”

“पडली तर पडली. तू कवा येतोस ते सांग.”

फोन ठेवला की गुणवंतला दिवसभर पाठीवर सिमेंटचं पोतं घेतल्यासारखं वाटायचं. कुणी आपली इतकी वाट बघावी, हे त्याला झेपत नव्हतं.

तर, ते स्टेशन. ओकुमुरानं एका दुपारी खिशातून फोटो काढून दाखवला. चहुकडे भातखाचरं, मागं डोंगर, आणि मध्ये एकच फलाट. तोही आपल्याकडच्या गोठ्याच्या ओट्याएवढा. त्यावर लाकडी खोपटं. खोपट्याला दार नाही, आत खिडकी आहे पण खिडकीमागं माणूस नाही. पूर्वी तिथं स्टेशनमास्तर होता, टोपीवाला. प्रवासी कमी झाले तशी रेल्वेनं त्याला उचलला. गाव म्हणालं, ठीक आहे, मग आम्ही बघतो. तेव्हापासून गावातल्या बायका पाळीपाळीनं झाडून घेतात, फुलांच्या कुंड्यांना पाणी घालतात, हिवाळ्यात फलाटावरचा बर्फ ओढतात. बाकावर बसायला उशा शिवून ठेवतात. कोपऱ्यात चार छत्र्या असतात. पाऊस आला की ज्याला हवी त्यानं न्यावी, नंतर आणून ठेवावी. एकाच डब्याची गाडी येते, दोन शाळकरी पोरी उतरतात, गाडी जाते, आणि पुन्हा सगळं चिडीचूप.

“माय मदर,” ओकुमुरानं फोटोवर बोट ठेवलं, “ईव्हनिंग ट्रेन, एव्हरी डे. शी सिट हिअर.”

“किधर जाती?”

“नो गो. सिट. ट्रेन कम, शी लुक, ट्रेन गो. देन शी गो हाउस.” थोडं थांबून तो म्हणाला, “आय गो फ्रॉम धिस स्टेशन. सो, शी सिट.”

गुणवंतनं फोटो हातात घेऊन जवळून पाहिला. साठीला टेकलेला हा माणूस, बोटाच्या पेरानं पोलादातली चूक शोधणारा, आणि त्याच्या खिशात हे असं काही असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

पुढची गोष्ट मग भीतभीत निघाली. गेल्या हिवाळ्यातल्या बर्फानं ते लाकडी बाक मोडलं. ओकुमुराला गावासाठी नवं बाक करून पाठवायचं होतं. त्याची तपासणीची यंत्रं लवकरच लाकडी खोक्यांतून जपानला परत जायची होती, त्यांतल्या एकात बाक बसलं असतं. स्टेनलेसच्या पाइपांचे उरलेले तुकडे वापरायची परवानगी त्यानं सतीश प्रधानकडून रीतसर घेतली होती. करणार का, एवढंच त्यानं विचारलं, आणि विचारताना कमरेत वाकला. फोरमनसमोर तपासनीस वाकलेला शेडनं पहिल्यांदाच पाहिला. मोहिद्दीनच्या हातातला वेल्डिंगचा होल्डर तसाच राहिला.

“करूंगा साब,” गुणवंत म्हणाला. “एकदम फर्स्ट क्लास.”

संध्याकाळी शाबियातल्या, म्हणजे जवळच्या राहत्या वस्तीतल्या खोलीत त्यानं हे सगळं बायकोला सांगितलं. दोन कुटुंबांत एक फ्लॅट, स्वयंपाकघर सामायिक, कोळेकरांच्या वाट्याला रस्त्याकडची खोली. शोभना पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. मुलगी शुभ्रा दहा वर्षांची, जमिनीवर पालथी पडून गृहपाठ करत होती.

“म्हणजे रोज येऊन नुसती बसायची बिचारी?” शोभना म्हणाली.

“रोज. संध्याकाळच्या गाडीला.”

“आणि हा बाबा इथं खडू ओढतोय.” तिनं पोळी तव्यावर टाकली. “नाव काय तिचं?”

“विचारलं नाही.”

“विचारा की. नाव तर घालावंच लागेल.”

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिथून झाला. आपल्याकडे एसटी स्टँडवर, बागेत, शाळेच्या आवारात, स्मशानातसुद्धा जे बाक असतं त्याच्या पाठीवर नाव असतं, आणि नावाआधी कै. असतं. मुलगा आईच्या नावानं बाक देतो ते ती गेल्यावर. जिवंत माणसाच्या नावानं बाक दिलंय असं गुणवंतनं जन्मात पाहिलं नव्हतं, आणि शोभनानंही नाही. त्यामुळे ओकुमुराची आई आहे की गेली, हे विचारायचं दोघांच्याही मनात आलं नाही. लेक आईच्या जागी बाक देतोय, यातच सगळं आलं. उलट असल्या गोष्टी खोदून विचारू नयेत एवढी रीत दोघांना होती.

“हारु,” दुसऱ्या दिवशी ओकुमुरानं नाव सांगितलं आणि हसला. आपल्या आईचं नाव कुणी विचारलं याचंच त्याला बरं वाटलं असावं.

पुढचे तीन शुक्रवार सुट्टीचे, पण गुणवंत सकाळी डबा घेऊन शेडमध्ये जायचा. मोहिद्दीनही न बोलावता यायचा. कंपनीचं काम माणूस करतो त्यात आणि या कामात फरक होता. कुणी मागं उभं नव्हतं, आणि तरीही एकेक जोड गुणवंत दोनदा घासत होता. पाइप वाकवताना आत वाळू भरायची, म्हणजे त्याला चपटेपणा येत नाही. वाळूला काही तोटा नव्हता. घामाच्या धारा चष्म्यात उतरत, ग्राइंडरच्या ठिणग्या मनगटावर बसत, आणि मोहिद्दीन मधूनच विचारत राही, की तिथं बर्फ किती पडतो, बसणारी बाई उंच होती की ठेंगणी.

“ठेंगणी असणार,” गुणवंत म्हणाला. “जपानी ना.”

“तो नीचे करो थोडा. पाँव जमीन को लगना चाहिए.”

मग त्यांनी पाय दोन बोटं कापून बाक खाली केलं. बसायच्या फळ्या यंत्रांच्या खोक्याच्या पाइन लाकडाच्या केल्या, कडा गोल घासल्या. सपाट बैठकीत पाणी साचेल म्हणून फळ्यांत फट ठेवली. काम रंगात आलं तसं गुणवंतला वाटायला लागलं, की आपणच त्या फलाटावर बसलो आहोत. समोर रूळ, रुळापलीकडे भात. कुणी शिट्टी मारत नाही, कुणी लॉट मागत नाही. गाडी आली तरी ठीक, नाही आली तरी ठीक. शेडच्या पत्र्याखाली बसून त्याला त्या न पाहिलेल्या जागेची इतकी ओढ लागली, की एकदा मोहिद्दीननं हाक मारली तीही त्याला ऐकू आली नाही.

घरी शोभनानं आपल्या दोन जुन्या सुती साड्या फाडून उशा शिवायला घेतल्या होत्या. तिथल्या बायका शिवतात तर आपण का नाही, असं तिचं म्हणणं. सामायिक स्वयंपाकघरातल्या हेमावहिनींनी विचारलं, कोणासाठी एवढं? तर म्हणाली, हारुबाईसाठी. तेव्हापासून घरात ती हारुबाईच झाली. शुभ्रानं चित्र काढलं. फलाट, डोंगर आणि त्यावर लाल छपराचं मोठं स्टेशन. रुळांच्या जागी तिनं काळा डांबरी रस्ता काढला होता. अमिरातीत तेव्हा रेल्वे नव्हती, आणि गावाला गेली तेव्हा पोर लहान होती.

“अगं, रूळ काढ. दोन रेघा,” गुणवंत म्हणाला.

“आय डोन्ट रिमेंबर हाउ दे लुक, बाबा.”

“यंदा दाखवतो. आजीकडे जाताना मिरजेला उतरायचंय आपल्याला.”

“यू सेड दॅट लास्ट इयर ऑल्सो.”

पोर खोटं बोलत नव्हती. गुणवंतनं चित्र उचलून कपाटाला चिकटवलं. कपाटावर बॅग काढून ठेवलेली होती, आणि सासूबाईंसाठी घेतलेला गॉगल आणि बदामाची पिशवी शोभनानं तिच्यात आधीच भरली होती.

नावाची पट्टी गुणवंतनं शेवटी केली. हातभर लांबीची स्टेनलेसची पट्टी. जपानात मराठी कोण वाचणार, म्हणून इंग्रजीत. शब्द सतीश प्रधानच्या कारकुनाकडून नीट लिहून आणले, आणि अक्षरं स्वतः वेल्डिंगच्या रॉडनं उठवली. उठलेल्या अक्षरांना पॉलिश केलं. रविवारी सकाळी बाक शेडच्या मध्यभागी ठेवून त्यावर कापड टाकलं, आणि चहाच्या सुट्टीत ओकुमुराला बोलावलं. सगळे वेल्डर भोवती जमले. सतीश प्रधानही ऑफिसातून खाली आला. कंपनीचं नाव होत असेल तर त्याला यायला हरकत नव्हती.

कापड मोहिद्दीननं काढलं. ओकुमुरानं आधी बाकाला हात लावला. नेहमीच्या सवयीनं बोट जोडांवरून फिरवलं आणि मान हलवली. खाली बसून पाहिलं, पाय टेकले, पुन्हा मान हलवली. मग उठून तो मागं गेला आणि पट्टी वाचायला वाकला.

‘इन मेमरी ऑफ मिसेस हारु ओकुमुरा.’

तो वाकलेलाच राहिला. सगळ्यांना वाटलं, गहिवरलाय. गुणवंतनं हात पुढे धरून मान खाली घातली, अशा वेळी घालतात तशी.

“माय मदर,” बऱ्याच वेळानं ओकुमुरा म्हणाला, “इज लिव्हिंग.”

गुणवंतला आधी अर्थ लागला नाही. लागला तेव्हा तो दोन पावलं पुढं आला. सॉरी साब, सॉरी साब, हे दोनच शब्द तोंडातून येत राहिले. ओकुमुरानं त्याच्याकडे पाहिलं नाही. हेल्मेट डोक्यावर घातलं, पट्टा हनुवटीखाली नीट बसवला आणि ऊन तुडवत आपल्या पोर्टाकेबिनकडे चालू लागला.

“कोळेकर, तुला अक्कल आहे का रे?” सतीश प्रधान सगळ्यांसमोर म्हणाला. “क्लायंटची आई मारलीस? आता त्यानं चिडून लॉट रिजेक्ट केला तर कोण बघणार? तू?”

“साहेब, आपल्याकडे बाक देतात ते...”

“आपल्याकडचं आपल्याकडे ठेव. ती पट्टी काढ आधी. यल्ला, कामाला लागा सगळे.”

गुणवंतचं वय बेचाळीस. हाताखाली माणसं. त्याच माणसांसमोर हे ऐकून घ्यावं लागलं, पण आज त्याला त्याचंही फार वाटलं नाही. त्याला वाटत होतं ते दुसरंच. त्यानं ग्राइंडर घेतला आणि बाकापाशी उकिडवा बसला. स्वतःच्या हातानं उठवलेली अक्षरं स्वतःच घासायला लागला. हारु हे नाव येताच त्याचा हात थांबला. निदान नाव तरी ठेवावं का? पण कुणाला विचारणार?

सावली पडली म्हणून त्यानं वर पाहिलं. ओकुमुरा परत आला होता.

“नेम ऑल्सो, प्लीज,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. “अवर स्टेशन, नो नेम. एव्हरीबडी बेंच. नेम इज देअर, माय मदर फील शेम. शी स्टँड. शी नॉट सिट.”

आपल्याकडे नावासाठी लोक बाक देतात आणि तिकडे नाव असलं तर म्हातारी उभी राहील, हे गुणवंतला त्या क्षणी नीट कळलं. त्यानं चकती टेकवली. ठिणग्यांचा पिसारा उडाला आणि हारु ओकुमुरा हे नाव पुसलं गेलं. ओकुमुरा शेवटपर्यंत तिथंच उभा होता. मग ग्राइंडर बंद झाल्यावर तो त्याच बाकावर बसला आणि शेजारच्या जागेवर हात थोपटला. गुणवंत अंग चोरून बसला.

“यस्टरडे, आय थिंक, मदर इज देअर. ऑलवेज देअर. टुडे आय रीड.” त्यानं घासलेल्या जागेकडे मान वळवली. “नॉट राँग. ओन्ली, अर्ली.”

गुणवंतला त्या तीन-चार शब्दांनी चटका बसला.

“फोर इयर आय नॉट गो,” ओकुमुरा म्हणाला. “वर्क, वर्क. नाऊ आय वाँट गो. धिस वीक.” मग तो थांबला, आणि पुढचं त्यानं फार सावकाश सांगितलं. तो गेला की सही करणारं कुणी नाही. बदली माणूस जपानहून यायचा, त्याचा व्हिसा, पास. सगळं ऑगस्टवर जाईल. गुणवंतच्या आईचा डोळा त्याला ठाऊक होता, बाक करता करता कधीतरी बोलणं झालं होतं. तीन आठवडे थांबलो तर लॉट संपेल, तू जाशील, मग मी जाईन. “यू ऑल्सो, मदर. सो, यू से.”

समोर मोहिद्दीन कान देऊन उभा होता. त्यानं गुणवंतकडे बघून डोळे मोठे केले. थांब म्हण, असा त्याचा अर्थ होता. गुणवंतच्या जिभेवर तेच होतं. तीन आठवडे म्हणजे काय, बोलता बोलता जातील. हारुबाई इतकी वर्षं बसलीच आहे, आणखी तीन आठवडे बसेल. पण जिला आपणच सकाळी मारून टाकलं, तिच्याकडे निघालेल्या लेकाला आडवं कसं यायचं? आणि या तीन आठवड्यांत खरंच काही झालं तर? मग ती पट्टी आपण लिहिली होती, हे जन्मभर कुठं घासून काढायचं?

“यू गो साब,” तो म्हणाला. “माय मदर, कुछ नहीं. शी वेट.”

ओकुमुरा उठला आणि पुन्हा कमरेतून वाकला, या वेळी पहिल्यापेक्षा खाली. गुणवंतलाही मग वाकावं लागलं. त्याला ते नीट जमलं नाही.

घरी शोभनानं ऐकलं आणि हातातली उशी खाली ठेवली.

“तुम्हाला विचारलं होतं ना त्यानं? सरळ?”

“हो.”

“आणि तुम्ही जा म्हणालात.”

“काय म्हणणार होतो, शोभना?”

“थांब म्हणणार होता! तीन आठवडे. आपल्या शुभ्राच्या शाळेची सुट्टी जाईल, ऑगस्टमध्ये तो नवीन येणार, मग सतीशसाहेब म्हणणार आता दुसरा जॉब आलाय. मला काय माहीत नाही होय?” तिचे डोळे भरले. “त्यांची हारुबाई ती हारुबाई, आणि आपली ती कोण?”

रात्री शोभनानं उशा मात्र पुऱ्या केल्या. दोऱ्याची गाठ दातानं तोडताना एवढंच म्हणाली, की ते खोकं बंद व्हायच्या आत पोचवा.

ओकुमुरा बुधवारी गेला. बाक त्याच्या आदल्या दिवशीच खोक्यात ठेवलं होतं, उशा फळ्यांवर बांधून. सतीश प्रधाननं गुणवंतला ऑफिसात बोलावून सांगितलं, की रजेचं आता हिवाळ्यात बघू, इन्शाल्ला. इन्शाल्ला म्हणताना त्यानं कॉम्प्युटरवरून नजर काढली नाही.

शुक्रवारी सकाळी तिघंही बकाल्यापाशी गेले. गुणवंतनं कार्ड घातलं. पहिल्याच घंटेला वाण्यानं उचललं आणि म्हातारीला दिलं.

“कवा निघतोस?” तिनं दुसरं काही न बोलता विचारलं.

त्यानं सांगितलं. गोलगोल बोलायचं ठरवून आला होता, पण आईचा आवाज ऐकल्यावर सगळं सरळच बाहेर पडलं. स्टेशन, बाक, पट्टी, जपानी साहेब, त्याची म्हातारी.

“जित्या बाईला कैलासवासी केलंस व्हय रं?” ती म्हणाली.

“चुकलं, आई.”

“आन् ती रोज जाऊन बसायची? गाडीला?”

“अजून बसते.”

“पोचला का त्यो?”

“पोचला असेल. काल-परवा.”

“असंल न्हाई. इचार कुणाला तरी.” मग तिचा आवाज बदलला, एखादं काम उरकायला उठल्यासारखा. “बरं. मी डोळा करून घेती आता. कुंदीकडं जाती आन् सोमवारी करून टाकती.”

“सोमवारी?”

“मग? तूच म्हनतोस न्हवं, वाट बघू नगंस? खरंच हाय तुजं. ती बाई बसून ऱ्हायली म्हून लेक चार वर्सं आला न्हाई. बसनाऱ्याची कुनाला घाई नसती. मी न्हाई बसत आता.”

“आई, अगं तसं नाही. थांब की थोडी.” गुणवंतच्या तोंडून गेलं आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. “हिवाळ्यात येतोच मी. दिवाळीला. तोवर थांब ना.”

“न्हाई रं बाळा. लई थांबलं. हात धरून बाहेर जावं लागतंय मला.” ती रागावलेली नव्हती, हेच वाईट होतं. “तू ये सवडीनं. पोरीला संबाळ.”

फोन ठेवल्याचा आवाज आला.

“काय म्हणाल्या?” शोभनानं विचारलं.

“सोमवारी डोळा करून घेतेय. कुंदाकडे जाऊन.”

“बरं झालं की. दोन वर्षं तुम्ही हेच सांगत होता.”

“हो. बरं झालं.”

शोभनानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शुभ्राचा हात धरून ती दुकानाच्या सावलीत जाऊन उभी राहिली. गुणवंत हलला नाही. पाठीवरचं पोतं उतरलं होतं, आणि उतरल्यावर कळलं की इतकी वर्षं आपण त्याच वजनानं सरळ उभे होतो. आता दुनियेत आपली वाट बघणारं कुणी नाही, या विचारानं त्याला लहान मुलासारखं रडू फुटायला लागलं. त्यानं कार्ड पुन्हा आत ढकललं आणि नंबर फिरवला. काय सांगायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं; थांब म्हणून पाया पडायचं, एवढंच डोक्यात होतं.

“हॅलो, मी गुणवंत. आईला द्या जरा.”

“म्हातारी गेली की,” वाणी म्हणाला. “मिरजेची एसटी उभीच होती. हाक मारली मी, पण कंडक्टरनं हात धरून चढवली कवाच.”

“परत कधी येईल?”

“आता डोळा करूनच येनार म्हनली. काय निरोप देऊ का?”

कार्डावर अजून मिनिटं शिल्लक होती. वाणी हॅलो, हॅलो करत राहिला, आणि गुणवंतला त्याला द्यायला काही निरोप सुचला नाही.